इनासची जीभ

मानशीच्या दारापाशी उकिडवा बसून
इनास खाडी चाखायचा.
बोट बुडवायचा, जिभेला लावायचा,
डोळे मिटून जरा गप्प,
मग म्हणायचा, "आज बंदच असू दे."
किंवा, "सोडा. अर्ध्या भरतीपुरते. कोळंबी येईल."
आणि आम्ही, खाजनातली अठ्ठावीस कुळे,
त्या एका जिभेवर भात पिकवत आलो.

मानस म्हणजे बांधातले लाकडी दार.
भरती रेटते तेव्हा मिटते,
ओहोटी ओढते तेव्हा उघडते.
पाहायला येणाऱ्यांना आम्ही एवढेच सांगतो.
दुसरा अर्थ त्यांचा त्यांना सापडतो.

तीन वर्षांपूर्वी एका अवसेला
दार मिटलेले असताना पाणी वरून आले.
चोरासारखे नव्हे, पाहुण्यासारखे,
वहाणा न काढता.
पोयीतून मेरेवर, मेरेवरून मळ्यात,
मळ्यातून विहिरीत.
त्या उन्हाळ्यात वाड्यावर डाळ शिजेना.
चहात दूध घातले की फाटायचे.
रुक्मा म्हणाली, मीठ विकत घेणे तरी वाचले,
आणि कुणीच हसले नाही.

तेव्हापासून दाराला चौथी फळी आहे, ऐनाची.
बांध हातभर चढला:
चिखल, पेंढा, चिखल, वर चिरे.
कोरगुटाचे बी फक्त शाबीच्या मडक्यात उरले होते;
तिला जुनाट म्हणणारे
पायली घेऊन तिच्या ओसरीवर उभे राहिले.
तिने दिले. पण आधी तासभर बोलून घेतले.

डोंगरावरच्या सोडलेल्या चिरेखाणीत
पावसाचे पाणी साचते, हे सगळ्यांना ठाऊक होते.
पोरे तिथे पोहायची, म्हशी तिथे बसायच्या.
पाइप घालायला पैसे नव्हते.
मग एक वर्ष फेस्ताला दारूकाम झाले नाही,
आणि जत्रेला नाटक झाले नाही.
(नाटकाचे जास्त लागले.
दामूने राजाचे भाषण पाठ केले होते;
ते त्याने पाइपाचे चर खणताना म्हणून टाकले.)

यंदा चवथीनंतर इनासला ताप आला.
ताप उतरला, चव घेऊन गेला.
हे त्याने कुणाला सांगितले नाही.
खाडीची गोडी पूर्वी दसऱ्यापर्यंत टिकायची,
आता पंधरवडा टिकली तर पुष्कळ.
इनासने बोट बुडवले, म्हणाला, "गोड. सोडा."
शाबीने ओंजळभर घेऊन चूळ भरली,
थुंकली, काही बोलली नाही.
रात्री दामूने जाऊन दार बंद केले.
सकाळी इनासने दार पाहिले,
मग दामूला. मग आपल्या बोटाकडे.

खात्याने दिलेले यंत्र आहे. आकडा बरोबर सांगते.
"पण आलेले पाणी सांगते," इनास म्हणतो,
"येणारे सांगत नाही."
म्हणून आता दामूची धाकटी शर्वाणी
शाळेतून परस्पर मानशीवर येते.
वेफर्स खाऊन आली तर परत पाठवतो.
"खारे व्हायच्या आधी पाणी किंचित तुरट होते,
कच्च्या केळ्याच्या सालीसारखे.
जिभेच्या टोकाला नाही, मागे, कडेला.
थांब. घाई करू नको. आता?"
"नाही."
"आता?"
"काय माहीत."
"हे बरोबर. आधी काही दिवस असेच."

वहीत तिने तीन रकाने आखलेत.
पहिला यंत्राचा.
दुसरा तिचा, त्यात खाडाखोड फार.
तिसरा इनासचा.
तो अजून रोज बोट बुडवतो,
जिभेला लावतो, डोळे मिटतो,
आणि तिला लिहायला सांगतो,
"पाणी."